माझ्या हेडचं दुखणं

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. मुक्काम साखरशेत, तालुका जव्हार. जव्हार-मोखाडा रस्त्यावर एखादी गाडी धुरळा उडवत तुमच्यापुढून गेली असेल आणि तुम्ही नाकाला रुमाल लावला असेल, तर ती बहुधा मीच. राग मानू नका. आज माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात, तर नीट बसा, कारण ही गोष्ट सांगताना इंजिन बंद असलं तरी मला धडधडतं. मला भंगारात काढायला निघाले होते हो! आणि ज्या दुखण्यापायी निघाले होते, त्यातलं निम्मं सत्य फक्त मला ठाऊक होतं. पण जीपला तोंड कुठे असतं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. ठोकाठोक, ठिणग्या आणि नव्या रंगाचा वास, एवढंच. माझा खरा जन्म मी धरते तो रोहिदासने मला साखरशेतला आणलं त्या दिवसापासून. दारची बैलजोडी विकून त्याने मला घेतलं होतं. त्याची आई, सोमीआजी, त्यावरून त्याच्यावर रुसली होती. ओट्यावरून उतरायलाही तयार नव्हती. शेवटी उतरली, माझ्याभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, बैल गेले, आता हाच आपला बैल. तेव्हापासून मी जीप असूनही त्या घरात बैलच आहे. सुरुवातीला मला हे थोडं लागलं, पण नंतर सवय झाली.

त्या घरची एक रीत आहे. शेतातली खुरासणी, म्हणजे कारळ्याची तेलबी, निघाली, घाण्यावरून नवं तेल आलं, की त्याचा पहिला हात बैलांच्या शिंगांना. मग नांगराला. त्यानंतरच ते माणसांच्या भाजीत पडायचं. बैल गेल्यावर आजीपुढे प्रश्न उभा राहिला, कारण मला शिंगं नाहीत. पण आजी अशी अडून बसणारी नव्हे. तिने बोनेट उघडायला शिकून घेतलं आणि दरवर्षी नव्या तेलाचा ओंजळभर मान माझ्या इंजिनाच्या माथ्यावर घालायला सुरुवात केली. त्या कोमट, सुरकुतलेल्या तळव्याचा स्पर्श मला फार आवडायचा. पाना, हातोडी आणि लाथा यांची सवय असलेल्या गाडीला तळवा लागला की काय वाटतं, ते तुम्हाला कसं सांगू!

आणि काय दिवस होते ते! मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी माझ्या पोटात माणसं, टपावर नागलीची पोती, आणि मागच्या फळीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या. शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे माझ्यातून उतरताना कंबर धरत, पण हसत उतरत. बोहाड्याच्या, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या, दिवसांत देवादिकांचे मुखवटे माझ्या टपावर बसून जात. नवऱ्या मी नेल्या, बाळंतिणी मी नेल्या, परीक्षेला निघालेली पोरं मी नेली. चढावर दुसऱ्या गाड्या माना टाकायच्या तेव्हा रोहिदास माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचा, चल बाई. की मी निघालेच!

मग दिवस पालटले. बंद काचांच्या, गुळगुळीत नव्या गाड्या आल्या. लोक आधी त्यांच्यात बसू लागले आणि त्या भरल्या तरच माझ्याकडे बघू लागले. माझ्या दाराला गंज चढला, सीटचा काथ्या बाहेर डोकावू लागला. तरी मी धावत होते. तक्रार करायची माझी जात नाही.

यंदाच्या थंडीत मात्र विघ्न आलं. मोखाड्याच्या स्टँडवर लाडक्या नावाचा दुसरा ड्रायव्हर माझ्याखाली वाकून बघत होता. त्याने रोहिदासला हाक मारली आणि जमिनीवरचा तेलाचा डाग दाखवला. रोहिदासने मला तशीच मंगळूमिस्त्रीच्या गॅरेजवर नेलं. मंगळूमिस्त्री हा आमच्या भागातला गाड्यांचा डॉक्टर. त्याने बोनेट उघडलं, टॉर्च मारला आणि तोंड वाकडं केलं.

मित्रांनो, तुम्हाला समजावं म्हणून सांगते. आमच्या इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालचा ब्लॉक आणि त्याच्यावर घट्ट आवळून बसवलेलं हेड. दोघांच्या मध्ये एक पातळ थर असतो, त्याला हेड गॅस्केट म्हणतात. तेलाने तेलाच्या वाटेने जावं, पाण्याने पाण्याच्या, आणि जाळ आतल्या आत राहावा, हे काम त्या बिचाऱ्या थराचं. तो फाटला की हेड उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीचं हेड उतरवलं की आत आणखी काय काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. माझी नेमकी तीच सांध तेलाने थबथबली होती.

गॅस्केट गेलेलं दिसतंय, मंगळूमिस्त्री म्हणाला, पण हेड उतरवल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. रोहिदासने मान खाली घातली. एवढं काम जुन्या गाडीवर करावं की नाही, याचा विचार त्याने घरी येईपर्यंत केला आणि घरी आल्यावर वाडा गावच्या हेमराजला फोन लावला. हेमराज म्हणजे जुन्या गाड्या तोडणारा भंगारवाला. येत्या बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन येतो, तो म्हणाला.

रोहिदास त्या दिवशी जेवला नाही. त्याच्या बायकोने, रुपीने, ताट झाकून ठेवलं.

आता ऐका, मला काय ठाऊक होतं ते. यंदा नवं तेल आलं आणि आजीने रीतीप्रमाणे माझ्या माथ्यावर ओंजळ घातली. ते तेल ओघळत त्याच सांधेशी येऊन बसलं. लाडक्याला दिसला तो डाग त्याचाच असणार. पण गोष्ट इथे थांबली असती तर चार दिवसांत सगळं सुकून गेलं असतं. झालं भलतंच. गाडीचं तेल गळतंय हे आजीने ऐकलं. गळतंय म्हणजे कमी पडत असणार, आणि कमी पडत असेल तर भरायला नको का? म्हणून आजी रोज पहाटे, रोहिदास उठायच्या आत, हळूच बोनेट उघडून खुरासणीचं तेल घालू लागली. जितकं घाली तितकं गळे, आणि जितकं गळे तितकं ती घाली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. चढावर गरम झाले की माझ्यातून फोडणीचा खमंग वास यायचा आणि बसलेल्या लोकांना भूक लागायची. ते म्हणत, रस्त्याकडेला कुणीतरी भजी तळतंय.

मला ओरडून सांगावंसं वाटे. मी हॉर्न वाजवून बघितला असता, पण तो माझा मला वाजवता येत नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी हर्षाली आली. हर्षाली ही रोहिदासची भाची, त्याच्या बहिणीची, चंदनाची मुलगी. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन ती नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. सुट्टीला आजोळी आली ती थेट पिशवी ओट्यावर टाकून माझ्यापाशी. लहानपणी ती माझ्या टपावर बसून करवंदं खायची. भंगाराचं ऐकून तिचा चेहराच उतरला.

"मामा, बघू तरी दे मला," ती म्हणाली. "नाही जमलं तर उद्या मीच लोटून देईन टेम्पोत."

आणि मित्रांनो, माझ्या अंगात जी धुगधुगी आली म्हणता! कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी नीट बघणार होतं. तिने आधी तेल बघायची पट्टी ओढली. तेल काळं होतं, त्याला दुधाळ रंग नव्हता. म्हणजे पाणी तेलात शिरलेलं नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून मला सुरू केलं. पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिली. आले नाहीत. सायलेन्सरपाशी उभी राहिली. पांढरा धूर नव्हता. तिचे डोळे चमकायला लागले.

"मामा, लक्षणं तर नाहीत. पण गॅस्केट फक्त बाहेरच्या बाजूनेही गळू शकतं. आत्ता सगळंच बरबटलंय, त्यामुळे कुठून येतंय ते कळत नाही."

मग तिने मला जी आंघोळ घातली! डिझेलचा बोळा, ब्रश, चिंध्या, पुन्हा डिझेल, पुन्हा चिंध्या. वर्षानुवर्षांचा काळा थर निघाला आणि खाली माझं खरं लोखंड दिसू लागलं. मला स्वतःलाच माझी ओळख पटेना. अंग कोरडं झाल्यावर ती म्हणाली, आता पांढरी पावडर पाहिजे. सगळीकडे भुरभुरायची आणि मग चढावर गाडी पळवायची. तेल जिथून निघेल तिथून पांढऱ्यावर रेघ उमटेल. रुपीने आपला पावडरचा डबा झटकून दाखवला, तो रिकामा. तेव्हा आजीच आतून तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन आली. बैलाला लेप घालताहेत, अशी तिची समजूत झाली होती. कुणी तिला उलगडून सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

संध्याकाळपर्यंत माझं इंजिन लग्नघरातल्या भिंतीसारखं पांढरंशुभ्र झालं. अंधार पडत आला होता, म्हणून चढावर न्यायचं सकाळवर ठेवलं. हेमराजही सकाळीच येणार होता. हर्षाली म्हणाली, तो यायच्या आधी आपण घाट चढून येऊ.

पण पहाटे, अजून कोंबडासुद्धा धड आरवला नव्हता, तेव्हा मला ती ओळखीची पावलं ऐकू आली. नको आजी, मी मनातल्या मनात म्हटलं, आज नको, आजचा दिवस राहू दे. बोनेट उघडलं. आजीने पिठाचा तो थर बघितला आणि जिभेने च्च केलं. लेप असा कोरडा कुणी ठेवतं का? आणि तिने रोजच्यापेक्षा मोठी ओंजळ घातली.

सकाळी हेमराजचा टेम्पो वेळेआधीच दारात उभा राहिला. मंगळूमिस्त्रीही तेवढ्यात मोखाड्याहून येऊन पोचला. त्यालाही चैन पडत नव्हतं. रोहिदासने सगळ्यांसमोर बोनेट उघडलं.

पिठावरून तेलाचे ओघळ आले होते. आणि नेमके हेडच्या सांधेशी येऊन साचले होते.

रोहिदास तिथेच चाकापाशी बसला. "राहू दे हर्षा," तो म्हणाला. "चालू पण नाय केली, तरी गळली. आता काय बघायचा राहिला?" हेमराजने टेम्पोतून जाड दोर काढला. तो दोर जमिनीवर पडला त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझा शेवट आला होता, आणि खरं सांगणारी एक ओंजळ हाताच्या अंतरावर पदराखाली उभी होती.

हर्षाली हलली नाही. ती रोहिदासचं बोलणं पुन्हा मनाशी म्हणत होती. चालू केली नाही तरी गळली. मग तिने एकदम बोट त्या ओघळात बुडवलं, उजेडात धरलं, आणि नाकाशी नेलं.

"मामा, आपली गाडी डिझेलची ना?" तिने विचारलं. "डिझेल इंजिनचं तेल काळं असतं. काल पट्टीवर काळंच होतं. हे पिवळं आहे. आणि बंद इंजिनात तेल वर चढतच नाही, तर रातोरात गळेल कुठून?" तिने बोट मंगळूमिस्त्रीपुढे धरलं. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि चाटूनच बघितलं.

"आयला," तो म्हणाला. "खुरासणी."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजी मात्र जराही बिचकली नाही. ती पुढे आली आणि उलट त्यांनाच रागे भरली.

"मीच घातला. रोज घालते मी. तेल गळतं सांगलात ना तुम्ही? मंग गळलेला भरायला नको? काल तुम्ही लेप लावला, तो पण कोरडा ठेवला. मुकं जनावर, त्याला कोन बघनार?"

कुणाला हसावं की रडावं कळेना. रोहिदासचे खांदे हलत होते, आणि तो काय करत होता ते मला नीट दिसत नव्हतं. एवढे दिवस काळ्या मळात मिसळलेलं ते तेल कुणाला वेगळं दिसलंच नव्हतं. ते वेगळं दिसलं ते आजीच्याच पिठामुळे. मला तर वाटलं, आता सोडलं मला! पण हर्षालीने हात वर केला. खुरासणी आहे म्हणजे गॅस्केट चांगलं आहे असं सिद्ध होत नाही, ती म्हणाली, खरी परीक्षा अजून राहिलीच आहे. आणि मित्रांनो, तेव्हा मात्र मीही घाबरले. कारण खुरासणीचं मला ठाऊक होतं, पण माझी सांध आतून शाबूत आहे की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

पुन्हा डिझेल, पुन्हा चिंध्या, पुन्हा पीठ. या वेळी आजीला हर्षालीने आपल्याजवळ उभं करून घेतलं. मग सगळेच आत चढले. रोहिदास स्टिअरिंगवर, आजी आणि हर्षाली पुढे, मंगळूमिस्त्री मागे. हेमराज म्हणाला, मलाही बघायचंय, आणि दोर तिथेच टाकून तोही चढला. मला तोडायला आलेला माणूस माझ्याच सीटवर बसला होता. म्हटलं, बस बाबा, तुला दाखवते!

मोखाड्याच्या वाटेवरचा तो लांब चढ लागला. रोहिदासने गिअर टाकला, स्टिअरिंगवर थाप मारली आणि म्हणाला, चल बाई. मग काय विचारता! मी अशी सुटले की वळणावरच्या शेळ्या कठड्यावर चढल्या. इंजिन तापलं, आतलं तेल उसळलं, हेडवरचा प्रत्येक नटबोल्ट माझ्या अंगाला रुतत होता. एक वळण, दुसरं वळण. मागून मंगळूमिस्त्री ओरडत होता, आणखी दाब, आणखी दाब, गळायचं असेल तर आताच गळेल. मी त्या पातळ थराला मनातून म्हणत होते, धर रे, एवढा चढ धर. वर पोचले तेव्हा माझ्या अंगातून लाटांसारखी ऊब निघत होती. रोहिदासने इंजिन बंद केलं.

बोनेट उघडायला हर्षालीचाही हात धजत नव्हता. ते आजीने उघडलं. तिला सवय होती.

सांध पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी, पांढरीशुभ्र! हर्षालीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. बोटाला नुसतं पीठ. मग तिने टॉर्च वर नेला. हेडच्या वर टॅपेट कव्हर म्हणून एक झाकण असतं, त्याच्या कोपऱ्यातून केसाएवढी काळी रेघ उतरली होती.

"हे बघ मामा, हे इंजिनचं तेल. झाकणाचं पॅकिंग वाळलंय, तेवढंच. गॅस्केटला काही झालेलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मंगळूमिस्त्री कपाळावर हात मारून हसायला लागला. छप्पर गळतं तेव्हा पाणी एकीकडे पडतं आणि भोक भलतीकडेच असतं, हे घरी ठाऊक होतं, इथं विसरलो, असं तो स्वतःलाच म्हणाला. हेमराजने वाकून त्या सांधेकडे बराच वेळ बघितलं.

"हा लोखंड अजून कामावर आहे," तो म्हणाला. "कामावरचा लोखंड मी उचलत नाय."

मोखाडा तिथून जवळच होता. तसेच पुढे जाऊन मंगळूमिस्त्रीच्या गॅरेजवर झाकणाचं पॅकिंग बदललं. बाजाराचा दिवस होता, म्हणून येताना मी भरून आले. टपावर पोती आणि आत माणसं दाटीवाटीने. रोहिदास सगळ्या वाटभर प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होता. हेमराज तेवढा अवघडून बसला होता, कारण त्याच्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती.

घरी पोचल्यावर आजी हर्षालीला म्हणाली, "मंग आता मी काय करू? नुसती बघत बसू त्याला?"

"हो आजी," हर्षाली म्हणाली. "बघतच बस. तेल घालू नको. रोज सकाळी झाकण उघड, पांढऱ्या फडक्याने ही सांध पूस, आणि फडक्याला काळं लागलं तर मामाला सांग. एवढं कुणीच करत नाही, म्हणून गाड्या मरतात."

आजीने थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी पहाटे बोनेट उघडलं आणि तोच कोमट तळवा माझ्या माथ्यावर टेकला, या वेळी कोरडा. एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने तिने सांध पुसली, फडकं उजेडात नेलं, उलटसुलट करून बघितलं. आता तिने फडकं दाखवल्याशिवाय रोहिदासला किल्ली मिळत नाही. बाहेर माणसं खोळंबतात, घड्याळं बघतात, कुरकुरतात. आजी त्यांना सांगते, थांबा जरा, अजून त्याचा पुसून व्हायचा आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी जुनं असेल. एखादी सायकल, एखादा पंप, एखादं शिवणयंत्र. आम्हाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. तुम्ही मायेने काहीबाही ओतता, किंवा रागाने भंगारात काढता, आणि आम्ही दोन्ही मुकाट्याने सोसतो. माझी एवढीच विनंती आहे. काही घालण्याआधी, आणि टाकून देण्याआधी, एकदा पुसून बघा.